अवटू ग्रंथी आणि न उलगडलेली लक्षणे

मानेच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून असलेली अवटू ग्रंथी प्रौढ माणसात जेमतेम वीस ग्रॅम वजनाची असते. लोकव्यवहारात तिला थायरॉइड म्हणतात. आणि मौजेची गोष्ट अशी की, ग्रंथीचे हे नाव आता रोगाचेच नाव होऊन बसले आहे. ‘मला थायरॉइड आहे’ असे सांगणारी व्यक्ती दिल्लीतील कोणत्याही वसाहतीत आणि कोणत्याही कचेरीत भेटते. वस्तुतः ही ग्रंथी सर्वांनाच असते; असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तिचे कार्य मंदावलेले असते, एवढाच त्याचा अर्थ. भारतातील आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून २०१३ साली एक अहवाल प्रसिद्ध करण्यात आला. दिल्ली, मुंबई आणि गोवा यांचाही त्यात समावेश होता. तपासलेल्यांपैकी १०.९५ टक्के लोकांत ग्रंथीची ही मंदगती आढळली, आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांना आपल्याला हा विकार आहे याची तोपर्यंत कल्पनाही नव्हती.

या विकारावरील उपचार हा वैद्यकातील अत्यंत सोप्या उपचारांपैकी एक आहे. ग्रंथी जे संप्रेरक पुरेसे निर्माण करीत नाही, तेच थायरॉक्सिन गोळीच्या रूपाने रोज सकाळी घ्यावयाचे. बहुसंख्य रोगी त्याने पूर्ववत होतात. परंतु शंभरांतील पाच ते दहा जणांची तक्रार निराळी असते. त्यांचा रोग सापडलेला असतो, औषध चालू असते आणि रक्ताचा अहवालही निर्दोष येत असतो. तरी थकवा हटत नाही, केस गळत राहतात, स्नायू दुखतात, बोलता बोलता शब्द आठवेनासे होतात. अशा रोग्याची अवस्था मोठी चमत्कारिक होते. वैद्य अहवालावर बोट ठेवून सर्व ठीक असल्याचे सांगतो. घरची माणसे प्रथम काळजी करतात, मग कंटाळतात, आणि शेवटी हे सारे मनाचे खेळ आहेत असे म्हणू लागतात. रोग्याचा, आणि यांत स्त्रियांचीच संख्या मोठी असते, सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील रांगेपासून गुरुग्राम व नोएडा येथील खाजगी दवाखान्यांपर्यंत प्रवास सुरू होतो. आणि दरवेळी हातातील अहवालांची पिशवी थोडी अधिक जड होते.

या शोधाला दोन समजुती आड येतात. अहवाल ठीक म्हणजे शरीर ठीक, ही पहिली. ती बहुधा वैद्याची असते. दुसरी रोग्याची: थायरॉइड आहे, तेव्हा जे काही होते ते सारे थायरॉइडमुळेच होते. या दोन्ही समजुती परस्परविरुद्ध दिसतात. पण त्यांचा परिणाम एकच होतो. पुढील शोध थांबतो.

पहिली समजूत कशी निर्माण झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. लंडनचे वैद्य विल्यम गल यांनी १८७३ साली काही प्रौढ स्त्रियांचे वर्णन केले. त्यांचे चेहरे सुजल्यासारखे झाले होते, बोलणे जड व हालचाली मंद झाल्या होत्या. विल्यम ऑर्ड यांनी १८७८ साली या अवस्थेला मिक्सिडिमा असे नाव दिले. न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे यांनी १८९१ साली मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून अशाच एका ४६ वर्षांच्या स्त्रीवर उपचार केले. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. मरे यांच्यापाशी रक्ताची कोणतीही चाचणी नव्हती. रोगी बरा झाला की नाही हे त्याचा चेहरा, त्याचा आवाज, त्याची कातडी पाहूनच ठरवावे लागे. रक्तातील संप्रेरकांचे सूक्ष्म प्रमाण मोजता येऊ लागले ते रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी द्रव्यांच्या साहाय्याने शोधून काढलेल्या पद्धतीमुळे. या कार्यासाठी यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच वारले होते. त्यानंतर हळूहळू चेहऱ्याची जागा आकड्याने घेतली.

हा आकडा सामान्यतः टीएसएच या संप्रेरकाचा असतो. ते अवटू ग्रंथीत तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पोष ग्रंथी ते सोडते आणि त्याच्या द्वारे अवटू ग्रंथीला कामाला लावते. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की पोष ग्रंथी हाकाटी वाढवते, आणि टीएसएच चढते. थायरॉक्सिन पुरेसे झाले की ते उतरते. ही यंत्रणा अतिशय संवेदनशील आहे. थायरॉक्सिनमध्ये थोडा फरक पडला तरी टीएसएचमध्ये कितीतरी पटींनी फरक पडतो, आणि म्हणूनच ही चाचणी इतकी उपयुक्त ठरली. तथापि, टीएसएच म्हणजे पोष ग्रंथीने दिलेला अभिप्राय होय. अभिप्राय देणारा शुद्धीवर आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. ते नेहमीच खरे नसते, हे पुढे दिसून येईल.

दिल्लीच्या संदर्भात या विषयाला आणखी एक पार्श्वभूमी आहे. एके काळी आपल्याकडे अवटू ग्रंथीचा विकार म्हणजे गलगंड, आणि गलगंड म्हणजे आयोडीनची उणीव, असे समीकरण होते. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात सुमारे एक लाख लोकवस्तीत एक प्रयोग सुरू केला. खोऱ्याच्या काही भागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले आणि एका भागाला साधे. पुढील काही वर्षांत आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्यांतील गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याचा पाया हाच. हा रोग केवळ डोंगराळ मुलखातला, अशी समजूत मात्र पुष्कळ काळ टिकून राहिली. चंद्रकांत पांडव, एन. कोचुपिल्लै, म. ग. करमरकर प्रभृती संशोधकांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ती मोडली. राजधानी दिल्लीतही गलगंड मोठ्या प्रमाणावर असल्याचे त्यांनी दाखवून दिले. पांडव आणि करमरकर ही दोन मराठी नावे आयोडीनयुक्त मिठाच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहेत.

मिठात आयोडीन आले आणि रोगाचे स्वरूप पालटले. आज दिल्लीसारख्या शहरात ग्रंथी मंदावण्याचे प्रमुख कारण निराळे आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. जपानी शल्यविशारद हाशिमोतो यांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व फार आहे. आयोडीनच्या उणिवेला भावंडे नव्हती. स्वतःवरच उलटणाऱ्या या विकाराला ती आहेत. जी यंत्रणा अवटू ग्रंथीवर उलटली, ती आतड्यावर, जठरावर किंवा अधिवृक्क ग्रंथींवरही उलटू शकते. त्यामुळे थायरॉइडच्या रोग्यात दुसरा विकार शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे नव्हे. कोठे पाहावयाचे, हे बऱ्याच अंशी आधीच ठाऊक असते.

अर्थात प्रारंभ घरातूनच करावा लागतो. गोळी घेतली म्हणजे ती रक्तात पोहोचलीच असे नव्हे. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावयाचे असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खावयाचे नसते. उत्तर भारतातील घरांत मात्र डोळे उघडताच दुधाचा चहा पुढे येतो आणि गोळी त्याच्याबरोबरच पोटात जाते. कॅल्शियम व लोह यांच्या गोळ्या तर थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. त्या किमान चार तासांच्या अंतराने घ्याव्या लागतात. परंतु सर्व औषधे एकदाच घेऊन मोकळे व्हावे ही प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. आम्लपित्तावरील औषधांनीही शोषण घटते. शिवाय थायरॉक्सिन उष्णतेने व दमटपणाने क्षीण होते. पुष्कळदा ते शंभर गोळ्यांच्या बाटलीत मिळते; ती बाटली मे-जून महिन्यांत स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली, तर महिनाअखेरच्या गोळीत किती औषध उरले असेल हे सांगणे कठीण. मात्रा बदलल्यावर तिचा परिणाम पूर्णपणे दिसण्यास सुमारे सहा आठवडे लागतात, कारण रक्तातील थायरॉक्सिन निम्मे होण्यासच एक आठवडा लागतो. दर पंधरा दिवसांनी चाचणी करून मात्रा हलवत राहणाऱ्याला खरी स्थिती कधीच कळत नाही.

एवढी काळजी घेऊनही मात्रा चढत गेली, आणि तरी टीएसएच खाली येईना, तर संशय आतड्याकडे वळतो. येथे दिल्लीचा उल्लेख विशेष करावा लागतो. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे काही व्यक्तींच्या लहान आतड्यातील अंतस्त्वचा झिजून सपाट होते. सीलिअॅक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केला. भारतात हा रोग नाहीच, असे दीर्घकाळ मानले जात असे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील गोविंद मखारिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील शहरी आणि ग्रामीण वस्तीत घरोघर पाहणी केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार येथे सुमारे ९६ माणसांमागे एकाला हा रोग होता. रोज दोन्ही वेळ पोळी खाणाऱ्या प्रदेशात हे प्रमाण क्षुल्लक म्हणता येणार नाही.

सीलिअॅकचे पाठ्यपुस्तकी चित्र म्हणजे जुलाबांनी खंगलेले मूल. प्रौढांत मात्र तो पुष्कळदा पोटाची तक्रार न करताच वावरतो. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, हाडांतील दुखणे, तोंडात वारंवार येणारे व्रण, सततचा थकवा, एवढेच काय ते दिसते. आणि ही सर्व लक्षणे थायरॉइडच्या खात्यावर सहज जमा होतात. हाशिमोतो विकार असलेल्यांत सीलिअॅकचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. त्याची पहिली चाचणी रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची असते. त्यानंतर दुर्बिणीद्वारे आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला जातो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कोणीतरी सांगितले म्हणून चाचणीपूर्वीच गहू सोडू नये. कारण गहू सोडल्यावर प्रतिपिंड ओसरतात, आतडे भरून येऊ लागते आणि असलेला रोग चाचणीत सापडत नाही. नवरात्रात धान्याऐवजी कुट्टू आणि शिंगाड्याचे पीठ खाण्याची उत्तरेत प्रथा आहे. या दोहोंत ग्लुटेन नसते. त्या नऊ दिवसांत एखाद्याला विलक्षण हलके वाटत असेल, तर तेवढ्यावरून निदान करता येत नाही, पण वैद्याला सांगण्याजोगी ती गोष्ट निश्चितच आहे. रोग सिद्ध झाल्यावर आयुष्यभर ग्लुटेन टाळावे लागते. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला हे पथ्य त्या मानाने सोपे जाईल.

ड जीवनसत्त्वाची उणीव हे स्नायुदुखीचे आणि अशक्ततेचे आणखी एक कारण होय. सूर्यप्रकाशाच्या या देशात ती कशी असेल, असे कोणीही विचारील. रवींद्र गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दिल्लीतील निरोगी माणसांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सैनिक, डॉक्टर व परिचारिका, गर्भवती स्त्रिया आणि नवजात बालके असे गट त्यात होते. उघड्यावर काम करणाऱ्या सैनिकांत या जीवनसत्त्वाचे प्रमाण त्यातल्या त्यात बरे होते. रुग्णालयाच्या छपराखाली राबणाऱ्या डॉक्टरांत व परिचारिकांत ते बरेच कमी आढळले. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिल्लीच्या मोरी गेट भागातील बालकांची गुडगावच्या बालकांशी तुलना केली होती. मोरी गेटची हवा तेव्हा अधिक धुरकट होती. तेथील बालकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व गुडगावच्या बालकांच्या निम्म्याहूनही कमी होते. धुरके सूर्यकिरणांतील आवश्यक अंश अडवते. लोह आणि बी-१२ यांची उणीवही अशीच तपासून घ्यावी लागते. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणे सामान्य आहे; परंतु हाशिमोतोच्या रोग्यात जठरावरील हल्ल्यामुळेही ते कमी होऊ शकते, आणि तसे असल्यास तोंडाने घेतलेली नेहमीची छोटी मात्रा पुरत नाही.

आतापर्यंत सांगितलेले विकार माणसाला जर्जर करतात, पण सहसा त्याच्या जिवावर उठत नाहीत. पुढचे दोन उठतात.

मूत्रपिंडांच्या टोकांवर अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यांचा नाश झाला म्हणजे काय होते हे लंडनच्या गाय रुग्णालयातील टॉमस अॅडिसन यांनी १८५५ साली लिहून ठेवले: वाढती ग्लानी, वजनातील घट, मळमळ, आणि कातडीचा काळवंडलेला रंग. अॅडिसन यांच्या काळी याचे मुख्य कारण क्षयरोग हे होते. आपल्या देशात क्षय आजही ते एक कारण आहे. शिवाय स्वतःवर उलटणारी संरक्षक यंत्रणा आहेच. अवटू व अधिवृक्क या दोन्ही ग्रंथी एकाच रोग्यात बिघडू शकतात, हे जर्मनीत श्मिट यांनी १९२६ साली दाखवून दिले. गव्हाळ किंवा सावळ्या वर्णावर काळवंडणे लवकर ध्यानात येत नाही. उन्हाने रापले, असे म्हणून ते सोडून दिले जाते. तळहातावरील रेषा, बोटांचे सांधे आणि हिरड्या येथे ते शोधावे लागते. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि खारट पदार्थांची अनावर ओढ या आणखी दोन खुणा. अधिवृक्क ग्रंथी दुबळ्या असताना टीएसएच थोडे चढलेले दिसू शकते. मग ते पाहून थायरॉक्सिन सुरू केले जाते. थायरॉक्सिन शरीराचा व्यवहार वेगवान करते, उरलेसुरले कॉर्टिसॉल झपाट्याने संपते आणि रोगी एकाएकी कोसळतो. म्हणून थायरॉक्सिन सुरू केल्यावर जो बरा होण्याऐवजी अधिक खालावतो, त्याच्या कॉर्टिसॉलची सकाळची चाचणी तातडीने करावयास हवी. असा रोगी औषधाला नावे ठेवतो म्हणून त्याला हट्टी समजणे घातक ठरेल.

दुसरा विकार पोष ग्रंथीचा. गरोदरपणात ही ग्रंथी वाढलेली असते. बाळंतपणात अतिशय रक्तस्राव झाला, तर तिचा रक्तपुरवठा तुटून ती मरू शकते. शीहान यांनी १९३७ साली याचे वर्णन केले. अशा स्त्रीला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, आणि मग कित्येक वर्षे नुसता अशक्तपणा चालू राहतो. प्रगत देशांत हा विकार दुर्मीळ झाला. परंतु श्रीनगर येथील शेर-ए-काश्मीर आयुर्विज्ञान संस्थेतील अब्दुल हमीद झरगर व सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत काश्मीर खोऱ्यातील वीस वर्षांवरील प्रसूत स्त्रियांत त्याचे प्रमाण सुमारे तीन टक्के आढळले. येथे टीएसएचचा अभिप्राय निरर्थक ठरतो. कारण अभिप्राय देणारी ग्रंथीच गतप्राण झालेली असते. टीएसएच ‘ठीक’ येते, थायरॉक्सिन मात्र रक्तात नसते. दोन्ही संप्रेरके एकत्र मोजली तरच हे उघडकीस येते. त्यासाठी वीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाची हकीकत कोणीतरी विचारावी लागते, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती नेमकी राहून जाते.

कधी कधी चूक रोग्याच्या शरीरात नसते, चाचणीच्या नळीत असते. केस गळतात म्हणून पुष्कळजण बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतात. काही चाचण्यांच्या रसायनक्रियेत हेच बायोटिन वापरलेले असते. रक्तात ते फार असल्यास टीएसएच खोटे कमी आणि थायरॉक्सिन खोटे जास्त दिसते. तेव्हा ग्रंथी अजूनही मंदच असताना गोळीची मात्रा घटवली जाते, केस आणखी गळतात आणि बायोटिन आणखी वाढते. रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस ते बंद ठेवणे, हा यावरील साधा उपाय आहे. मात्रा फार मोठी असल्यास त्याहून अधिक काळ.

हे सारे तपासूनही काहीच सापडले नाही, तर? झोपेत श्वास अडखळणे, ऋतुनिवृत्तीचा काळ, खरेखुरे विषण्णतेचे दुखणे अशी कारणे उरतात, आणि मनाचा विकार सापडला तर तो शरीराच्या विकाराइतकाच खरा मानून त्यावर उपचार व्हावयास हवेत. त्याखेरीज एक शास्त्रीय वाद अद्याप चालू आहे. थायरॉक्सिन हे एका अर्थी कच्चे द्रव्य असून पेशींत त्याचे टी-३ या प्रभावी रूपात रूपांतर व्हावे लागते. सर्वांच्या शरीरात हे रूपांतर सारखेच होते का? लिथुआनियातील कौनास येथे केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ रोग्यांवरील प्रयोगात थायरॉक्सिनबरोबर थोडे टी-३ दिल्यावर रोग्यांना अधिक बरे वाटले. त्यानंतरच्या मोठ्या प्रयोगांपैकी बहुतेकांत हा लाभ दिसला नाही. युरोपीय थायरॉइड संघटनेने २०१२ साली मधला मार्ग सुचवला: इतर सर्व कारणे तपासून झाल्यावर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, हा संयुक्त उपचार प्रयोग म्हणून करून पाहावा; हृदयविकार असलेल्यांना व गर्भवतींना तो देऊ नये; आणि तीन महिन्यांत फरक न पडल्यास बंद करावा. तो बंद झाल्यावर फरक मोजता यावा म्हणून सुरू करण्यापूर्वीची लक्षणे तारखांसह लिहून ठेवलेली असणे इष्ट असते. बहुतेक अहवालांच्या पिशव्यांत नेमका तेवढाच कागद नसतो.